उन्हाळे लागले? गोळीच्या आधी लघवीचा नमुना

उन्हात पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि जळजळते. भरपूर पाणी पोटात गेलं की ही जळजळ बहुधा दिवसभरात ओसरते. पण सारखं लघवीला लागतं, गेल्यावर चार थेंबच येतात, शेवटी ओटीपोटात कळ उठते, लघवी गढूळ किंवा लालसर दिसते, असं असेल तर मूत्राशयात जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता मोठी. मग धने-जिऱ्याच्या पाण्यावर थांबू नका. सोबत खाज आणि पांढरं जाणं असेल, तर दुखणं बहुधा योनिमार्गाचं असतं आणि त्याचं औषध वेगळं.

मेडिकलमधून आणलेल्या गोड सिरपने लघवीतलं आम्ल कमी होतं आणि आग शमते. जंतू मात्र तिथेच राहतात. शिवाय नायट्रोफ्युरँटोइन हे या संसर्गावरचं नेहमीचं अँटिबायोटिक आम्ल लघवीतच चांगलं काम करतं, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता दोन्ही एकत्र घेऊ नका.

त्याहून मोठं नुकसान घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्याने होतं. त्यानंतर केलेल्या कल्चरमध्ये (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) जंतू बहुधा वाढतच नाहीत, आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायची संधी जाते. तरुण, एरवी निरोगी बाईला पहिल्यांदाच त्रास झाला तर डॉक्टर लक्षणांवरूनही उपचार सुरू करतात. पण गरोदरपण, मधुमेह, पुरुष, लहान मूल किंवा पुन्हा पुन्हा होणारा त्रास असेल, तर आधी कल्चर, मग पहिली गोळी.

नमुना नीट घेतला नाही तर रिपोर्ट फुकट जातो. हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे स्वच्छ करा. पहिली धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत धरा, शेवटची पुन्हा सोडा. डबीच्या आत बोट लागू देऊ नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. डबी खोलीत तशीच राहिली की त्वचेवरचे चार जंतूही लाखांनी वाढतात. रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स' (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी) खूप आणि तीन-चार प्रकारचे जंतू दिसले, तर नमुना बिघडलाय असं समजून पुन्हा द्या. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. बहुतेक वेळा त्यात ई. कोलाय हा आतड्यातलाच जंतू निघतो. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, म्हणून त्याला वर चढणं सोपं जातं.

मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटोइन १०० मिलिग्रॅम (सावकाश विरघळणारा प्रकार) दिवसातून दोनदा, ५ दिवस, जेवणासोबत असं सहसा देतात. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. दुसरा पर्याय ३ ग्रॅम फॉस्फोमायसिनची एकच पुडी. कोणतं घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, कारण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर नायट्रोफ्युरँटोइन टाळतात. जळजळ दुसऱ्या दिवशी थांबली तरी दिलेला कोर्स पुरा करा.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं आणि उलट्या आल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असू शकतो. तिथे नायट्रोफ्युरँटोइन पुरेसं पोचत नाही. सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाला नुसता ताप येतो, हेही लक्षात असू द्या.

उलट, काहीच त्रास नसताना तपासणीत जंतू सापडले म्हणून अँटिबायोटिक घेऊ नये. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे त्यातले मुख्य अपवाद.

वाटेत स्वच्छ संडास मिळणार नाही म्हणून एसटीच्या प्रवासात कितीतरी बायका पाणीच पीत नाहीत. ही अडचण खरी आहे, पण त्यामुळे मूत्राशय धुतलंच जात नाही. निघण्यापूर्वी लघवीला जा, वाटेत थोडं थोडं पाणी घ्या, मोठ्या स्टँडवर उतरा. संबंधांनंतर लघवी करून या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला तर कारण शोधावं लागतं. पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल जरूर विचारा. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते, रक्षण करणारे जंतू कमी होतात, आणि या क्रीमने पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग कमी होतो.