नळ्या उरल्या, कार्बन गेला

भट्टी उघडून लडी हातात घेतली तर ती काडीसारखी ताठ! तिथेच पोटात गोळा आला. १२,००० कार्बन तंतूंची लडी, एकेक तंतू जेमतेम ७ मायक्रॉनचा. ती हातातून लोंबायला हवी.

काम या तंतूंवर सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या एका कठीण सिरॅमिकचा, लेप चढवण्याचं. मिथाइलट्रायक्लोरोसिलेनची वाफ हायड्रोजनबरोबर भट्टीत सोडायची, ती तापल्या तंतूवर फुटते, सिलिकॉन कार्बाइड तंतूवर बसतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडतो. (त्याला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुऊन काढावं लागतं, भट्टीपेक्षा त्या धुण्यानंच मला जास्त छळलंय.) लेप नसेल तर कार्बन हवेत साधारण ५०० अंशांपासूनच जळू लागतो.

आदल्या दिवशी वेळ वाचवायला मी तापमान १,००० वरून ११५० अंशांवर नेलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं.

ताठ लडीचा तुकडा कापून ७०० अंशांवर हवेत ठेवला. दोन तासांनी वजन बघितलं, बरंचसं गायब. पण लडीचा बाहेरचा आकार मात्र जसाच्या तसा! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा उलगडा झाला. कडेला पोकळ नळ्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या, आत काहीच नाही. मधोमध तर नळ्यासुद्धा नव्हत्या, नुसती पोकळी.

सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाफ आत पोचायच्या आधीच बाहेरच्यांनी खाऊन टाकली." तापमान वाढलं की पृष्ठभागावरची क्रिया इतकी वेगात होते की लडीच्या गाभ्यापर्यंत वाफ उरतच नाही. बाहेरच्या तंतूंवर थर जाड झाला, ते जोडले गेले. शिवाय थंड होताना सिलिकॉन कार्बाइड आकसतं, कार्बन तंतू लांबीत जवळजवळ आकसत नाही. जाड थराला आडव्या चिरा गेल्या. त्या चिरांतून आणि मी कापलेल्या टोकांतून हवा आत शिरली. टोकं कापल्याचं सरांनी विचारेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पुढच्या खेपेला तापमान खाली, दाबही कमी, थर अगदी पातळ. वेळ दुप्पट लागला. लडी वाकत होती. जळणं थांबलं नाही, पण चांगलंच मंदावलं, आणि मधल्या तंतूंवरही लेप दिसला. या वेळी लेप देण्याआधीच तुकडे मापात कापून घेतले होते.