हार्पवालीची ट्रेन रखडली आणि मोझार्ट उघडा पडला

मी जर्मनीत एका ऑर्केस्ट्राची लायब्ररी बघते. म्हणजे वादकांचे पार्ट्स, म्हणजे प्रत्येकाचे सुरांचे कागद, भाड्याने मागवायचे, कॉन्सर्टमास्टरने, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवाल्याने, ठरवलेलं बोइंग (गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली) सगळ्या व्हायोलिनच्या कागदांवर पेन्सिलने चढवायचं, रिहर्सलआधी स्टँडवर लावायचं. आईला अजून वाटतं मी पुस्तकं देते-घेते.

त्या दिवशी रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची 'मोझार्टियाना' होती. 1887 ला मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी' या ऑपेराची शंभरी, त्यानिमित्त त्याने मोझार्टला केलेला हा मुजरा, आणि यात स्वतःच्या चाली जवळपास नाहीतच, मोझार्टच्याच चार रचना ऑर्केस्ट्रावर चढवल्यात. गंमत म्हणजे पहिली जीग (एक नाचाची चाल) मोझार्टने लाइपत्सिगला, त्याच्या आधीचा संगीतकार बाख याच्या गावात बाखच्या वळणाने लिहिलेली आणि शेवटची व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच चालीची वेगवेगळी रूपं, ग्लुक या दुसऱ्या संगीतकाराच्या गाण्यावर, म्हणजे मुजऱ्यात मुजरा. तिसरा भाग 'प्रेगिएरा' म्हणजे प्रार्थना, मूळ मोझार्टचं 'आवे वेरुम' हे चर्चमधलं समूहगान, पण चायकोव्हस्कीने ते फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराच्या पियानो आवृत्तीवरून घेतलंय. इथेच हार्प येतो आणि इथेच जाणकार नाकं मुरडतात, पुरणपोळीवर गुळवणी ओतलीय म्हणतात.

तर हार्पवालीची ट्रेन अडकली. कंडक्टर म्हणाले थांबायला वेळ नाही, तसंच वाजवा. मी दाराशी उभी, हार्पचा पार्ट माझ्याच हातात, त्यावर आधीच्या कुणीतरी पेडलच्या बारीक खुणा केलेल्या (हार्पचे सूर पायाच्या पेडलने बदलतात). आणि समोर नुसती वुडविंड्स (बासरी, क्लॅरिनेट वगैरे) नि व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं, कुठे लपायला जागाच नाही, दुसरा क्लॅरिनेट श्वास घेतोय तेही ऐकू येतंय, मधल्या पट्टीतले व्हायोलाचे (व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीचे) सूर जे एरवी बुडून जातात ते सरळ कानावर. संपल्यावर दोन क्षण कुणी पानच उलटलं नाही.

कंडक्टर अर्धवट थट्टेत म्हणाले, संध्याकाळी असंच करूया का? बासरीवाले आजोबा एकदम फटकन, मग सरळ मूळ 'आवे वेरुम'च ठेवा की, हा कागद चायकोव्हस्कीचा आहे, त्याला मोझार्ट जसा दिसला तसा वाजवायचा. बिनतोड मुद्दा, कुणी पुढे बोललंच नाही.

हार्पवाली कार्यक्रमाआधी जेमतेम पोचली, 47 तारा घाईघाईत लावल्या आणि सुरेख वाजवलं हो, खोटं कशाला बोलू. पण मला विचाराल तर बिनहार्पचं ते रिहर्सलच आवडलं, बासरीवाल्यांना सांगू नका.

पार्ट्स परत पाठवताना पेन्सिल खोडावी लागते. बोइंग सगळं खोडलं. हार्पच्या पेडलच्या खुणा तेवढ्या राहू दिल्या, पुढच्या ठिकाणी ट्रेन रखडली आणि ऐनवेळी दुसरी कुणी वाजवायला बसली तर तिला उपयोग होईल.