लाभणे

परवा दुपारी आत्याचे जुने कपाट आवरताना गुलाबी कागदाची एक पुडी हाती लागली. आत नीलमाची अंगठी होती. ती घरी आली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. नीलम लाभतो की नाही हे आधी पाहावे लागते, म्हणून तीन रात्री ती आत्याच्या उशीखाली राहिली आणि रोज सकाळी चहाच्या आधी स्वप्नांची चौकशी झाली. तिसऱ्या सकाळी दूध उतू गेले. तेवढ्यावर निकाल लागला आणि अंगठी जी पुडीत गेली ती कायमची.

पुडी हातात धरून बसलो असताना मला एव्हलिन वॉल्श मॅक्लीन आठवली. तिचे वडील आयर्लंडहून अमेरिकेत आलेले सुतार. १८९६ साली कोलोरॅडोत त्यांना सोन्याची खाण लाभली आणि मुलगी वॉशिंग्टनच्या उच्चभ्रू वर्तुळात जाऊन पोहोचली. पिएर कार्तिए या जवाहिऱ्याने तिला ४५.५२ कॅरटचा निळा होप हिरा दाखवला, तोही त्याच्या अपशकुनीपणाच्या साऱ्या कहाण्यांसह. बाई म्हणाली, अशुभ वस्तू मला शुभच ठरतात. कोंदण मात्र तिला पसंत पडले नाही. कार्तिएने ते बदलले आणि हिरा शनिवार-रविवारपुरता तिच्याकडे ठेवून तो निघून गेला. माल गिऱ्हाइकाच्या घरी मुक्कामाला ठेवण्याची ही युक्ती आमच्या सराफालाही ठाऊक होती. १९११ मध्ये १,८०,००० डॉलरला सौदा झाला. हिरा मुळात गोवळकोंड्याकडचा मानला जातो. उशीखालची परीक्षा त्याने बहुधा आपल्याकडेच शिकून घेतली असावी.

पुढे तिने तो चर्चमध्ये नेऊन मंतरून घेतला, माइक नावाच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला आणि अडचणीच्या काळात गहाणही टाकला. १९३२ साली वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसलेल्या उपाशी माजी सैनिकांसाठी रात्री हजार सँडविच मागवणारी बाई हीच, आणि प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांचे पळवलेले मूल सोडवून आणतो असे सांगणाऱ्या भामट्याच्या हाती त्याच वर्षी एक लाख डॉलर ठेवणारीही हीच. मला ती आवडते ती या सढळ, काहीशा वेड्या हातामुळे.

१९१९ मध्ये तिचा नऊ वर्षांचा मुलगा व्हिन्सन मोटारीखाली गेला. नवरा दारूच्या आहारी गेला आणि १९४१ मध्ये मनोरुग्णालयात वारला. १९४६ मध्ये मुलगीही गेली. हे सारे लोकांनी हिऱ्याच्या नावावर मांडले. पण मुलाला ज्याचे नाव दिले होते तो तिचा सख्खा भाऊ १९०५ मध्येच मोटार अपघातात गेला होता आणि त्या मोटारीत तीही होती. तेव्हा हिरा कुठे होता? दारू तरी हिऱ्याने ओतली होती काय? ती स्वतः मात्र १९४७ मध्ये मरेपर्यंत तो हौसेने मिरवीत राहिली.

अंगठी मी पुन्हा पुडीत बांधली. त्या सकाळी दुधाकडे लक्ष ठेवायला मला बसवले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण नीलमाचे नाव निघाले आणि मला कोणी एक शब्दही बोलले नाही.