स्मोकर पेटवताना धूर कमी कसा केला : माझा अनुभव

मागच्या अंगणात स्मोकर, म्हणजे धुरावर पदार्थ मंद शिजवणारी कोळशाची भट्टी, आणून ठेवला, त्याच्या पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आले की मंद आचेवर तासन्‌तास पदार्थ शिजवत ठेवणे हा या प्रकरणातला सोपा भाग आहे. कस लागतो तो त्याआधीच्या अर्ध्या तासात. कोळसा पेटवायला घेतला आणि दहा मिनिटांच्या आत दाट, पांढरा धूर कुंपणावरून पलीकडे जाऊ लागला. शेजारच्या घराच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. कोणी काही बोलले नाही, पण शेवटची खिडकी ज्या जोराने लागली त्यावरून बोलण्याची गरजही उरली नव्हती. धुरी देण्यासाठीच बनवलेल्या भट्टीतला धूर कमी करायचा, ही इच्छा ऐकायला विसंगत वाटेल. परंतु पदार्थाला हवा असतो तो लाकडाच्या ढलपीचा थोडा, विरळ धूर. कोळसा पेटताना येणारा धूर वेगळा असतो, आणि तो ना शेजाऱ्यांना हवा असतो ना पदार्थाला.

माझा स्मोकर उभ्या पिंपासारखा आहे. तळाशी कोळशाची जाळीदार टोपली, तिच्या खालच्या बाजूला हवा आत घेणाऱ्या झडपा, मध्ये पाण्याचे पसरट भांडे, वर जाळी आणि झाकणात धूर बाहेर सोडणारी एक झडप. पहिल्या दिवशी मी टोपली काठोकाठ भरली, खाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून कोळसा पेटवण्याचे द्रव शिंपडले आणि काडी लावली. धूर वाढलेला पाहून मी जे केले ते आज आठवले की हसू येते: मी झाकण लावले आणि सगळ्या झडपा जवळजवळ मिटून टाकल्या. धूर कोंडला म्हणजे कमी झाला, असा माझा हिशोब होता. प्रत्यक्षात आग गुदमरली, धूर आणखी दाट व पिवळसर झाला आणि पुढची पस्तीस मिनिटे तो प्रत्येक फटीतून येत राहिला. त्या दिवशी शिजलेल्या पदार्थाला कडवट, डांबरी चव होती आणि पेटवण्याच्या द्रवाचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

हा गुंता माझ्यापुरता सुटला तो एका मेणबत्तीमुळे. मेणबत्ती फुंकर घालून विझवली की वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर चढते. त्या रेघेला वातीपासून बोटभर उंचीवर पेटती काडी लावली, तर ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. हा खेळ लहानपणी अनेकदा केला होता, पण त्याचा अर्थ आता कळला. तो पांढरा धूर म्हणजे जळून उरलेला कचरा नसून न जळलेले इंधन असते. मेणाची वाफ थंड होऊन तिचे बारीक थेंब झालेले असतात. कोळशाचेही तसेच आहे. तेव्हा धूर कोंडायचा किंवा वाऱ्यावर सोडायचा हे दोन्ही मार्ग चुकीचे ठरतात. तो बाहेर पडण्याआधी आगीतून जाऊन जळेल अशी मांडणी करायची, एवढेच खरे काम आहे. पुढचे सगळे प्रयोग मी हीच एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून केले.

आधी कोळशाकडे वळलो. पुरेशी हवा न देता लाकूड तापवले की प्रथम त्यातले पाणी आणि नंतर डांबरी वाफा बाहेर पडतात, आणि मागे राहतो तो मुख्यतः कार्बन. हे भाजणे ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबवले असेल तर उडून जाणारी द्रव्ये कोळशात बरीच शिल्लक राहतात. ६०० अंशांच्या पुढे गेले असेल तर फार थोडी. पेटवताना जो धूर दिसतो तो या उरलेल्या द्रव्यांचा आणि कोळशाने शोषलेल्या ओलाव्याचा. पोत्यातला कोळसा किती भाजलेला आहे हे पोत्यावर क्वचितच लिहिलेले असते, पण हाताला ते समजते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता काचेसारखा टणत्कार आला तर कोळसा नीट भाजलेला असतो. आवाज बद्द आला किंवा तुटलेल्या बाजूला तपकिरी छटा आणि लाकडाचे तंतू दिसले, तर तो तुकडा अर्धकच्चा. असे तुकडे मी आता बाजूला काढतो. संख्येने ते थोडेच असतात, पण एकेक तुकडा पाच-सात मिनिटे धुमसत राहतो. दाबून केलेल्या वड्यांमध्ये कोळशाची भुकटी स्टार्चसारख्या पदार्थाने बांधलेली असते. त्या एकसारख्या जळतात, मात्र पेट घेताना सुरुवातीला त्यांचा एक विशिष्ट वास येतो आणि राखही जास्त पडते. लांब चालणाऱ्या शिजवणीसाठी मी वड्या वापरतो, परंतु पहिली आग नेहमी ओबडधोबड लाकडी कोळशाची करतो.

ओलाव्याकडे मी बरेच दिवस दुर्लक्ष केले होते. कोळसा सच्छिद्र असल्यामुळे तो हवेतली ओल धरून ठेवतो, आणि माझे पोते तोंड उघडे ठेवून अंगणातल्या छपराखाली पडलेले असे. ती ओल उडून जाईपर्यंत कोळशाचे तापमान वर चढत नाही, आणि तापमान चढत नाही तोवर त्याच्यातून निघणाऱ्या वाफा जळत नाहीत, नुसत्या धुमसतात. घट्ट झाकणाच्या डब्यात कोळसा ठेवायला लागल्यापासून, आणि लागणारा कोळसा आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवल्यापासून, जो फरक पडला तो नंतरच्या कोणत्याही महागड्या युक्तीने पडला नाही.

पेटवण्याचे द्रव तर दुसऱ्याच आठवड्यात बंद केले. ते पेट्रोलियमपासून काढलेले असते. कोळसा पूर्ण पेटून राख धरेपर्यंत ते जळून जायला हवे असते, पण बंद स्मोकरच्या तळाशी सांडलेले चार थेंब नंतर तापून वास देत राहतात. शिवाय आग मंदावली म्हणून तापलेल्या कोळशावर ते पुन्हा ओतण्याचा मोह होतो, आणि तसे केल्यास ज्वाला थेट हातातल्या बाटलीपर्यंत येऊ शकते. पेट्रोल किंवा रॉकेलचा तर विचारही करू नये.

त्याऐवजी मी चिमणी स्टार्टर घेतला. दोन्ही बाजूंनी उघडे पत्र्याचे नळकांडे, आत तळापासून थोड्या उंचीवर जाळी, बाहेर लाकडी मूठ. जाळीवर कोळसा, जाळीखाली पेटवण. तापलेली हवा वर सरकते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, आणि फुंकणी न मारता आग चढत जाते. पहिल्यांदा मी खाली वर्तमानपत्राचे चार बोळे ठेवले. कोळसा पेटला, पण अठरा मिनिटे पांढरा धूर आला आणि कागदाची काळी पापुद्रे उडून अंगणभर पसरली. कागद दोन मिनिटे भडकतो आणि मग स्वतःच धुमसतो, हे पाहिल्यावर मी मेण आणि लाकडाच्या भुशाच्या पेटवणाऱ्या वड्या वापरू लागलो. अशी एक वडी आठ-दहा मिनिटे स्थिर ज्योतीने जळते, आणि सुरुवातीला नेमकी सातत्याचीच गरज असते. एकदा हिटगनही, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे विजेचे उपकरण, वापरून पाहिली. कोळसा फार झपाट्याने पेटला, परंतु ठिणग्या इतक्या उडाल्या की तो प्रयोग मी पुन्हा केला नाही. चिमणी कशावर ठेवायची याचाही विचार करावा लागतो. मी ती एकदा सरळ काँक्रीटवर ठेवली आणि उष्णतेने वरचा पापुद्रा तडकून उडाला. आता ती स्मोकरच्या रिकाम्या टोपलीतच ठेवतो.

तरीही दहा मिनिटांचा धूर उरलाच होता, आणि त्याचे कारण चिमणीच्या रचनेतच होते. आग तळाशी लागते, तिथून निघालेल्या वाफा वरच्या थंड कोळशातून जातात, तिथे त्यांची उष्णता काढून घेतली जाते आणि त्या धूर होऊन बाहेर पडतात. जोपर्यंत ज्वाला नळकांड्याच्या तोंडातून वर येत नाही तोपर्यंत हे चालूच राहते. ज्वाला वर आली की धूर एकाएकी नाहीसा होतो, जणू कोणी तो पुसून टाकला. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. चिमणी काठोकाठ भरायची सोडून एक-तृतीयांश भरू लागलो, आणि खालच्या वडीबरोबरच एक छोटी पेटती वडी कोळशाच्या वरही ठेवू लागलो. वरून निघणारा धूर त्या ज्योतीतून जाताना बराचसा पेट घेतो. अगदी पहिल्या दोन-तीन मिनिटांतल्या धुरात वाफेचेच प्रमाण जास्त असते, त्यामुळे तो जळत नाही. पण त्यानंतर ज्योत धुराला धरते आणि कोळशावर पिवळी जीभ नाचताना दिसते. ते दृश्य पाहायला मी अजूनही जवळ उभा राहतो.

एक-तृतीयांश चिमणीभर निखाऱ्यांवर सहा तासांची शिजवण होत नाही, हे उघड आहे. उरलेला कोळसा न पेटवताच टोपलीत भरायचा, मध्ये थोडा खळगा ठेवायचा आणि पूर्ण फुललेले निखारे, म्हणजे सर्व बाजूंनी करडी राख धरलेले, त्या खळग्यात वरून सोडायचे. मग आग वरून खाली आणि मधून कडेला सावकाश सरकत जाते, एका वेळी थोडाच नवा कोळसा पेट घेतो, आणि त्याच्यातून निघणाऱ्या वाफांना वरच्या निखाऱ्यांच्या थरातून वाट काढावी लागते. पेटलेले खाली आणि न पेटलेले वर असे उलटे केले तर आपण पुन्हा पहिल्याच जागी येतो; मी घाईत एकदा तसे केले होते आणि खिडक्या पुन्हा लागल्या होत्या. टोपली भरताना मोठे तुकडे तळाशी आणि बारीक वर ठेवावेत. पोत्याच्या बुडाशी उरलेला चुरा तर घालूच नये, कारण तो तुकड्यांमधल्या फटी बुजवतो आणि हवा अडली की धुमसणे सुरू होते. तळाची जुनी राख झडपा बुजवते, म्हणून तीही दर वेळी काढावी लागते. पिंपाच्या भिंतींवर आणि भांड्याखाली थिजलेली चरबी खरवडून काढली नाही तर तापल्यावर तिचाही धूर होतो. हे कळायला मला फार वेळ लागला. तीन रविवार मी कोळशाला दोष देत होतो.

निखारे आत सोडल्यावर सगळ्या झडपा पूर्ण उघड्या ठेवून मी धुराच्या रंगाकडे पाहत बसतो. दाट पांढरा धूर मोठ्या थेंबांचा असतो. तो विरळ होऊन निळसर दिसू लागला की कण इतके बारीक झालेले असतात की ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, आणि ज्वलन नीट चालल्याची ती खूण असते. त्यानंतरच खालच्या झडपा थोड्या थोड्या मिटत तापमान १०५ ते १२० अंशांच्या दरम्यान आणतो. वरची झडप मात्र उघडीच ठेवतो, कारण धूर आत रेंगाळला तर त्याचा कडवट थर पदार्थावर बसतो. लाकडाच्या ढलप्या अगदी शेवटी, दोन किंवा तीन, आणि कोरड्या. त्या भिजवून टाकाव्यात असे मीही ऐकले होते, पण पाणी लाकडात फारसे मुरत नाही; वरवरचे पाणी उडेपर्यंत नुसती वाफ दिसते आणि आग थंडावते ती वेगळीच.

एक गोष्ट मात्र धुराच्या हिशोबात धरू नये. फुललेला निखारा डोळ्यांना स्वच्छ दिसत असला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, आणि त्याला रंग नाही की वास नाही. धूर जवळजवळ दिसेनासा झाल्यावर एका पावसाळी दिवशी मला स्मोकर गॅरेजच्या दाराशी, आतल्या बाजूला ओढून घ्यावासा वाटला होता. तो विचार मी तिथेच सोडला. कोळशाची भट्टी उघड्यावरच, घराच्या दारा-खिडक्यांपासून दूर असावी. दार उघडे ठेवल्याने गॅरेज हे अंगण होत नाही.

आता काडी लावल्यापासून निळसर धूर येईपर्यंत साधारण वीस मिनिटे लागतात आणि त्यातली चार-पाच मिनिटेच धूर नजरेत भरण्याइतका असतो. वाऱ्याची दिशा पाहून मी स्मोकरची जागा बदलतो, आणि शिजवण लांबली तर वरून थंड कोळसा टाकण्याऐवजी तो आधी चिमणीत वेगळा फुलवून घेतो. शिजवण संपली की सगळ्या झडपा बंद करतो. हवा न मिळाल्याने निखारे हळूहळू विझतात. दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ण थंड झाल्याची खात्री करून टोपली हलवतो, राख पत्र्याच्या डब्यात जाते आणि अर्धे जळलेले तुकडे वेगळ्या झाकणबंद डब्यात. या तुकड्यांमधली उडून जाणारी द्रव्ये आदल्या वेळीच संपलेली असल्यामुळे पुढच्या वेळी ते जवळजवळ धूर न करता पेटतात, आणि म्हणून चिमणीत पहिल्यांदा पडतात ते तेच.