अंगठ्याच्या मुळाशी उठणारी कळ

रोज रात्री दोन-तीन तास व्हिडिओ गेमचा कंट्रोलर हाती धरून खेळल्यावर, सकाळी वाशीहून ठाण्याला जाताना लोकलची कडी धरली की उजव्या अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ जाऊ लागली; ती मी महिनाभर अंगावर काढली, हे चुकलेच. डॉक्टरांनी अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले आणि दुखणे नेमके सापडले. अंगठा बाहेर व वर नेणाऱ्या दोन कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाशी ज्या आवरणातून सरकतात, ते जाड झाले होते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हें यांनी १८९५ मध्ये वर्णिलेला हा विकार. अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा मी सहा आठवडे वापरला (नुसता मनगटाचा पट्टा पुरत नाही) आणि तोवर खेळ पूर्ण बंद ठेवला. आता अर्ध्या तासाने कंट्रोलर खाली ठेवतो.