घरपट्टीची नोटीस आणि खळ्यावरचे पत्रे

नोटीस आली तेव्हा मी दुकानात नारळ मोजत होतो. नगरपरिषदेचा शिपाई ओळखीचाच, म्हणाला, "भाऊ, आधी सही करा, मग वाचा, आणि शिव्या घालायच्या तर ऑफिसात येऊन घाला, मला नको." मी सही केली, कागद उलगडला आणि किती नारळ मोजले तेच विसरलो. वर्षाला २,८०० च्या आसपास येणारी घरपट्टी थेट ८,७४८ रुपये, आणि शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर हे सगळं त्याच्यावर वेगळं.

गावाचं नाव लिहीत नाही, दक्षिण कोकणात समुद्राला लागून आहे एवढं पुरे. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी आणि खळं, म्हणजे अंगण, रस्त्याच्या बाजूला माझं छोटं दुकान, आणि मागच्या दोन खोल्या आम्ही सहा वर्षांपासून पर्यटकांना देतो. म्हणजे मी गावकरी पण आणि व्यावसायिक पण, हे पुढे फार नडलं.

चार दिवसांनी देवळाच्या सभामंडपात मीटिंग लागली. नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक, निवडणुका लांबलेल्या, त्यामुळे ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा नगरसेवकच नव्हता, सगळा राग एकमेकांवरच निघाला. एका बाजूला राहणारे लोक बसले, दुसऱ्या बाजूला हॉटेलवाले आणि बाजारपेठेतले व्यापारी, आणि मी खांबाला टेकून मधे, कारण कुठे बसायचं तेच कळेना.

राहणाऱ्यांचं म्हणणं, पर्यटक तुमचे, कचरा तुमचा, मे महिन्यात आमच्या नळाला पाणी नसतं आणि तुमच्या टाक्या भरलेल्या असतात, तर वाढ तुम्ही सोसा. त्यावर एक हॉटेलवाले काका उठले, म्हणाले वर्षाचा हिशोब तर बघा, २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बोटिंग आणि वॉटर स्पोर्ट्स बंद, १ जूनपासून मासेमारी बंद, श्रावणात जेवायला कोणी येत नाही, चार महिने खुर्च्या उलट्या घालून ठेवतो, तुमची घरपट्टी काय अर्धी होते का पावसाळ्यात? यात खोटं काही नाही. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हेच काका खोलीचा दर तिप्पट करतात हेही सगळ्यांना माहिती, त्यामुळे मागून कोणीतरी खोकलं.

बाजारपेठेतल्या दुकानमालकांचं दुखणं वेगळंच होतं. आजोबांच्या काळातले भाडेकरू अजून महिन्याला काहीशे रुपये भाडं देतात, आणि आता घरपट्टी त्या भाड्याच्या वर जाणार. भाडेकरू शेजारीच बसलेला, तो गप्प.

पण खरं बोलली ती मच्छीमारांच्या वस्तीतली एक मावशी. नवीन आकारणीत गावाचे झोन पाडले होते आणि समुद्राकडचा पट्टा सगळ्यात महागाच्या झोनमध्ये, त्यात रिसॉर्ट पण आले आणि त्यांची पत्र्याची, दोन खोल्यांची घरं पण आली. ती म्हणाली, "समुद्र घराक लागान आसा म्हणान आमी काय श्रीमंत झालंव? उधाण इला की पाणी चुलीत येता, त्याचे पैशे कोण देता आमका?" यावर कोणालाच काही बोलता आलं नाही. शेवटी ठराव झाला की "घरपट्टीतली अन्यायकारक वाढ रद्द करा" असं निवेदन सगळ्यांच्या सह्या घेऊन द्यायचं. तीनशेच्या वर सह्या झाल्या. मला वाटलं चला, झालं काम.

काही झालं नव्हतं. निवेदन द्यायला आम्ही आठ-दहा जण गेलो, मुख्याधिकाऱ्यांनी घेतलं, पोच दिली, चहा पण पाजला. बाहेर आल्यावर कर विभागातल्या क्लार्कने मला हळूच बाजूला घेतलं. म्हणाला, हे निवेदन फाईलला लागेल, पण ही हरकत नाही, हरकत प्रत्येक मालमत्तेची वेगळी, नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि तुमचे अकरा दिवस गेलेत. त्यानेच असंही सांगितलं की सगळा दोष आमच्यावर घालू नका, १५ व्या वित्त आयोगाने शहरांचं अनुदान मालमत्ता कराच्या वसुलीशी जोडलंय, वसुली वाढली नाही तर ग्रँट अडकते, वरून रोज फोन येतात. ते ऐकून राग कमी नाही झाला पण कोणावर काढायचा ते मात्र समजेनासं झालं.

मग त्याने नोटीस समजावून दिली, आणि ही गोष्ट सभामंडपात कोणालाच माहिती नव्हती. आम्ही सगळे कराच्या टक्क्यावर भांडत होतो आणि टक्का होता तिथेच होता, २५. बदललं होतं ते चौरस मीटरला धरलेलं भाडं आणि क्षेत्रफळ. हिशोब असा की तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील ते धरायचं, दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे, उरलेलं करयोग्य मूल्य, त्यावर कर. आमच्या झोनला राहण्यासाठी चौरस मीटरला महिना १० रुपये आणि व्यवसायासाठी ३०. म्हणजे एकच खोली, तीच कौलं, तेच वासे, पण कागदावर "बिगरनिवासी" लिहिलं की कर तिप्पट.

माझ्या नोटिशीत निवासी ९० चौरस मीटर आणि बिगरनिवासी ७८. दुकान १४, दोन खोल्या मिळून २८, हे झाले ४२. मग वरचे ३६ कुठून आले? घरी येऊन टेप घेऊन मुलाला एक टोक धरायला लावलं, सगळं घर मोजलं, कुठेच सापडेना. आई ओटीवरून म्हणाली, न्हाणीघर मोजलंस काय? ते पण मोजलं.

शेवटी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, सर्व्हेच्या वेळची माझ्या मालमत्तेची मोजणी आणि फोटो द्या म्हणून. उत्तराला ३० दिवसांची मुदत, तेवढी वाट बघितली असती तर हरकतीची तारीख गेली असती, म्हणून हरकत आधीच देऊन टाकली, "क्षेत्रफळ आणि वापर दोन्ही मान्य नाही, पुरावे सुनावणीला सादर करीन" एवढंच लिहून, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. तो शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, आमच्या गल्लीतल्या दोघांची हरकत "सापडत नाही" म्हणून सुनावणीला नावच पुकारलं गेलं नाही.

माहिती आली तेव्हा हसावं की रडावं कळेना. ड्रोनने वरून काढलेला फोटो होता, सप्टेंबरच्या शेवटातला, दसऱ्याच्या आधीचा. आम्ही पावसाळ्यात पडवीत झड येऊ नये म्हणून खळ्यावर पत्रे घालतो आणि दसऱ्याला काढतो. पूर्वी ताडपत्री असायची, मे २०२१ च्या तौक्ते वादळात ती उडून माडावर जाऊन बसली तेव्हापासून पत्रे. ड्रोनला वरून दिसलं ३६ चौरस मीटरचं छप्पर, आणि खाली फिरलेल्या सर्व्हेवाल्या पोराला त्या पत्र्यांच्या खांबाला लावलेला आमचा बोर्ड दिसला, "रूम उपलब्ध". झालं, खळं बिगरनिवासी. माझ्या खळ्यात तुळस आहे आणि एक सायकल.

पुरावा काय द्यायचा यावर घरात दोन दिवस चर्चा. बायकोला सुचलं, तुळशीच्या लग्नाचे फोटो. नोव्हेंबरातले, मोबाईलमध्ये तारखेसकट, उघडं खळं, वर आकाश, मधे तुळस, ऊस बांधलेला आणि शेजारपाजारची अर्धी वाडी. तीन वर्षांचे काढले, रंगीत प्रिंट मारल्या.

सुनावणी एप्रिलमध्ये लागली. नगर रचना विभागाचे अधिकारी आलेले, बाहेर व्हरांड्यात पन्नास-साठ माणसं, पंखा एक, तो पण आतल्या बाजूला. सकाळी १० ची वेळ दिलेली, माझा नंबर आला पावणेतीनला, आणि आत मिळाली जेमतेम पाच मिनिटं. साहेबांनी ड्रोनचा फोटो बघितला, तुळशीच्या लग्नाचा बघितला, जरा हसले, ३६ वर काट मारली. मग विचारलं, "मागच्या दोन खोल्यांचं काय? पर्यटक राहतात?" मी म्हणालो राहतात. "ऑनलाइन बुकिंग येतं?" येतं. बायको अजून म्हणते काय गरज होती सांगायची, पाहुणे येतात म्हणायचं. पण खांबावर बोर्ड लावलाय आणि साहेबांच्या हातात त्याचाच फोटो, तिथे काय पाहुणे? आणि खरं सांगायचं तर त्या खोल्यांवर मुलाची फी निघते. मावशीच्या घरात पाणी शिरतं आणि तिने माझ्याच झोनचा दर भरायचा, तर मी माझ्या खोल्या लपवायच्या, हे मनाला पटेना. पर्यटन खात्याच्या निवास न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर पुढच्या वेळी कागद आणा, बघू, असं साहेब म्हणाले. माझा तो अर्ज अजून कपाटातच आहे.

अंतिम हिशोब असा झाला, निवासी ९०, बिगरनिवासी ४२, कर ५,८३२. म्हणजे जुन्याच्या दुपटीच्या वर आणि नोटिशीपेक्षा २,९१६ ने कमी. वकील मित्र म्हणाला अपिलात जा, पण आधी पैसे भरावे लागतील. मी नाही गेलो. गावातल्या काही जणांनी निकाल लागेपर्यंत भरायचंच नाही असं ठरवलं, त्यांना दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागत बसली, त्यातले दोघे मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने बोलत होते. मावशीच्या वस्तीचा झोन बदलायचं प्रकरण वर पाठवलंय असं ऐकतोय, तोपर्यंत बिल महागाच्या झोनचंच.

गणपतीला शेजारचा चाकरमानी मुंबईहून आला. जानेवारीत मी त्याला ग्रुपवर दोनदा लिहिलं होतं, नोटीस दारावर चिकटवलीय, हरकत टाक, त्याने अंगठा पाठवला होता. आता दारावरचा कागद पावसाने धुऊन गेलेला, शिक्का तेवढा जांभळा राहिलेला, आणि तो ओटीवर बॅग ठेवून मला विचारतो, "ह्या काय रे, आमच्या मांगराक बिगरनिवासी कित्याक लिवलाहा?" मांगर म्हणजे गवत-लाकडं ठेवायचं खोपट. मी आत जाऊन माझ्या अर्जाची झेरॉक्स घेऊन आलो.