राउटरचा ताळेबंद

२० ऑक्टोबर २०२३, रात्रीचे साडेआठ. ज्यांचा जीएसटीशी संबंध येतो त्यांना २० तारीख, म्हणजे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, काय असते ते सांगायला नको. मी डोंबिवलीत घरी बसून पाच-सहा छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. त्या रात्री सांगलीचे एक हळदीचे व्यापारी व्हिडिओ कॉलवर होते, स्क्रीनवर त्यांचं खरेदीचं रजिस्टर उघडं, खाली आवारात गरबा. "ताई, तो आकडा परत सांगा," एवढं ऐकू आलं आणि डोळे अर्धवट मिटलेल्या अवस्थेत त्यांचा चेहरा गोठला. तीनदा कॉल तुटला. चौथ्यांदा मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम उरकलं.

बाहेर हॉलमध्ये सासूबाईंची मालिका मात्र एका क्षणासाठीही अडली नव्हती.

चिरंजीव इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचा निकाल तयारच होता. "आई, आपला राउटर २०१७ चा आहे. म्युझियममध्ये दे." आणि लगेच फोनवर एक राउटर दाखवला. काळा, आठ अँटेना वर केलेला, उलटा पडलेला खेकडाच जणू. किंमत १३,९९९. नवऱ्याने किंमत ऐकून पेपर वर उचलला, म्हणजे चर्चा संपली असं समजायचं.

मला दोघांचंही पटलं नाही. व्यापाऱ्याचा ताळा जमत नसेल तर आपण नवी वही आणत नाही, फरक कुठे पडतोय ते शोधतो. म्हणून एक जुनी डायरी घेतली आणि आठ दिवस नेटच्या स्पीडच्या नोंदी ठेवल्या: सकाळी सहाला आणि रात्री नऊला, घरातल्या तीन जागी, एकदा वायरने आणि एकदा वाय-फायने. मुलगा हसला. पण नंतर नोंदी करायला तोच बसत होता.

आधी वायरचं सांगते. लॅपटॉप राउटरला केबलने जोडला तर सकाळी ९३ एमबीपीएस, रात्रीही ९३. म्हणजे रात्री नेट बाहेरून मंद येत नव्हतं. इतके दिवस मी उगाच नेटवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. पण मग दुसरा प्रश्न आला. आमचा प्लॅन २०० चा. उरलेलं कुठे गेलं?

नेटवाल्याचा मुलगा आला, फायबरच्या पांढऱ्या डबीची केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावली, आमचं युजरनेम टाकलं. १९६. "काकू, लाइन ओके आहे. तुमच्या राउटरचे पोर्टच शंभराचे आहेत." पोर्ट म्हणजे केबल खोचायची भोकं. राउटर उलटा करून बघितला. पोटावरच्या लेबलवर बारीक अक्षरात १०/१०० लिहिलेलं होतं. प्लॅन शंभराचा होता तोवर हे कधी जाणवायचं कारण नव्हतं. दीड वर्षापूर्वी जास्त पैसे भरून २०० चा घेतला, आणि तेव्हापासून दर महिन्याला अर्धं पाणी नळाच्या अलीकडेच सांडत होतं. हिशेब बघणाऱ्या बाईच्या घरात.

तरीही कॉल तुटण्याचं कारण ते नव्हतं. कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, इथे वायरीत ९३ होते. गोंधळ वाय-फायचा होता आणि तो डायरीत स्वच्छ दिसत होता. राउटरसमोर उभं राहिलं की ४५. माझ्या कामाच्या टेबलाशी, म्हणजे आतल्या बेडरूममध्ये, सकाळी सहाला २२ आणि रात्री नऊला २, कधी ३.

एकाच जागेवर, एकाच यंत्रावर, सकाळ आणि रात्र यांत एवढा फरक? मुलाने फोनवर आजूबाजूची वाय-फाय दाखवणारं ॲप टाकलं. रात्री नऊला आमच्या बेडरूममधून ३१ नेटवर्क दिसत होती. त्यातली बहुतेक २.४ गीगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यावर. आमचा राउटर फक्त याच पट्ट्यावर चालणारा. या पट्ट्यात चॅनेल तेरा असले तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच: १, ६ आणि ११. संध्याकाळच्या गाडीला तीनच दारं आणि चढणारे एकतीस, आम्हा डोंबिवलीकरांना याहून जास्त समजावायला नको. वाय-फाय सभ्य असतं, दुसरा बोलत असेल तर थांबतं. एकतीस जण थांबत थांबत बोलायला लागले की मालिकेला फरक पडत नाही, ती पुढचं थोडं आधीच भरून ठेवते. आणि आमचा टीव्ही राउटरच्या मांडीवर बसलेला. कॉलला भरून ठेवायची सोय नाही.

चॅनेल 'ऑटो'वरून काढून ११ वर टाकला, त्यातल्या त्यात तिथे गर्दी कमी होती. रात्रीचे २ चे ५ झाले. फुकटात अडीचपट, पण कॉल अजून अडखळत होताच.

मग जागा. राउटर टीव्हीच्या वर, शोकेसच्या कोपऱ्यात. तिथून माझ्या टेबलापर्यंत सरळ रेघ ओढली तर मध्ये दोन भिंती आणि सासूबाईंचं लोखंडी कपाट. त्यांच्या लग्नातलं, आरशासकट. लोखंड आणि आरसा दोन्ही वाय-फायचे वैरी. मी नुसतं सुचवून बघितलं.

"त्या डबीसाठी माझं कपाट हलवायचं?"

"आई, एक फूटभर फक्त."

"त्या डबीला हलव की. तिला कुठे पाय आहेत हलायला त्रास होण्याएवढे?"

वाक्याचा अर्थ लागायला मला वेळ लागला, पण मुद्दा बरोबर होता. डबीच हलवली. नेटवाल्याच्या मुलाने दोनशे रुपये घेऊन फायबर स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजपर्यंत ओढली आणि राउटर तिथे भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर टांगला. टेबलाशी सिग्नल उणे ७८ डीबीएम होता तो उणे ६६ झाला. इथे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. घरात बाकी सगळ्यांना हे उलटं वाटलं, मला नाही. उणे ६६ चा तोटा उणे ७८ पेक्षा बराच म्हणायचा. रात्रीचा स्पीड १४ पर्यंत गेला. फक्त मायक्रोवेव्ह चालू झाला की धाडकन खाली. तोही २.४ वरच काम करतो आणि आता तो राउटरपासून चार पावलांवर होता. म्हणजे भाजी गरम होईपर्यंत सांगलीकरांनी थांबायचं.

खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. १४ मध्ये कॉल व्हायला हवा. पण कॉल नुसत्या स्पीडवर चालत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. मुलाने लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पिंग लावून दिलं: एक निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो. वायरीवर ८, ९, ८ मिलिसेकंद, शिस्तीत. वाय-फायवर ११, १४, ३८०, १२, ६१०. त्या ३८० आणि ६१० मध्येच व्यापाऱ्यांचा चेहरा गोठत होता.

मग वायरच का नको? पंधरा मीटरची केबल आणली, साडेतीनशे रुपये. पॅसेजमधून, दाराच्या चौकटीखालून, माझ्या टेबलापर्यंत. आठवडाभर एकही कॉल तुटला नाही. जुनाच राउटर, जुनाच लॅपटॉप. माझ्यापुरता प्रश्न साडेतीनशे रुपयांत सुटला होता आणि मी विजयी मुद्रेने डायरीत तसं लिहिलंही. सातव्या दिवशी पहाटे सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि केबलमध्ये पाय अडकून भिंतीला धरून उभ्या राहिल्या. पडल्या नाहीत. त्या काही बोलल्याही नाहीत. मी सकाळी केबल गुंडाळून ठेवली. भिंती फोडून पट्टी बसवायची तर खर्च राउटरच्या वर जात होता, आणि दिवाळीच्या तोंडावर गवंडी मिळतो कुठे.

म्हणजे राउटर बदलायचा प्रश्न परत टेबलावर आला, पण आता काय हवं ते नेमकं माहीत होतं. ५ गीगाहर्ट्झचा पट्टा, कारण तिथे शेजाऱ्यांची गर्दी कमी आणि चॅनेल भरपूर. भारतात यातला मोठा भाग २०१८ पासून परवानामुक्त आहे. आणि हजाराचे, म्हणजे गिगाबिट पोर्ट. एवढंच.

खेकड्याची फाइल बंद करायला घरातल्या यंत्रांची यादी पुरली. माझा लॅपटॉप वाय-फाय ५ चा, म्हणजे आधीच्या पिढीचा. मुलाचा फोन त्यापुढच्या, वाय-फाय ६ चा. नवऱ्याचा फोन ५ चा, टीव्हीही. सासूबाईंचा फोन फक्त २.४ ओळखणारा. खेकड्याची मोठी मिजास होती ती ६ गीगाहर्ट्झच्या तिसऱ्या पट्ट्याची. तो पकडणारं एकही यंत्र घरात नव्हतं आणि त्या वेळी तो पट्टा आपल्याकडे वाय-फायला खुलाही झालेला नव्हता. मुलगा म्हणाला, "उद्या होईल." मी म्हटलं, उद्याचं बिल उद्या.

जुन्याला जिवंत ठेवायचा एक मार्ग मुलाने शोधला होता, रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पोचवणारी डबी. पण स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणजे स्पीड निम्मा, आणि तोही त्याच गर्दीच्या पट्ट्यात. शिवाय आमच्या राउटरला कंपनीकडून शेवटचं अपडेट आलं होतं २०१९ मध्ये. ज्या यंत्रातून लोकांचे पॅन नंबर आणि बँकेचे तपशील जातात त्याला चार वर्षांत कुणी कुलूप तपासलेलं नाही, हे मला स्पीडपेक्षा जास्त खुपलं. खरं सांगायचं तर निर्णय तिथेच झाला.

४ नोव्हेंबरच्या शनिवारी दादरला गाडी बदलून, स्लो पकडून ग्रँट रोडला उतरलो, मी आणि चिरंजीव, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड पायाखाली घातला. ऑनलाइन मागवता आला असता, पण मला खोका हातात घेऊन मागची बाजू वाचायची होती. ते बरंच झालं. पहिल्याच दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेला राउटर पुढे आला, सोळाशे रुपये. मागे वाचलं तर पोर्ट १०/१००. म्हणजे आमचीच जुनी गोष्ट नव्या खोक्यात. हा १२०० चा आकडाही बेरजेचा असतो: २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७, मिळून गोळाबेरीज बाराशे. एका फोनला सहसा दोन्ही मिळून मिळत नाहीत. दोन खिशांतले पैसे एकत्र मोजून माणूस श्रीमंत दाखवायचा, तसं. दुकानदाराला मी हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "मॅडम, आजवर कुणी बेरीज तपासली नव्हती."

शेवटी दोघांत निवड होती. १२०० चा पण गिगाबिट पोर्टचा, २,१५० ला. आणि वाय-फाय ६ चा १५०० वाला, तोही गिगाबिट, ३,२५० ला. अकराशेच्या फरकात माझ्या लॅपटॉपला काही मिळणार नव्हतं. पण नव्या मॉडेलला अपडेट जास्त वर्षं येतील अशी शक्यता, आणि पुढचा लॅपटॉप येईल तो ६ चाच असणार. ३,२५० दिले. बिल घेतलं.

घरी आल्यावर एक शहाणपणा केला: नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, त्यामुळे सगळी यंत्रं आपोआप जोडली गेली. सासूबाईंचा फोन सोडून. राउटरने सुरक्षा डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली होती आणि त्यांच्या फोनला ती भाषाच येत नव्हती. २ आणि ३ दोन्ही चालतील असं केल्यावर जोडला. दुसरा घोळ असा की दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच असल्यामुळे माझा लॅपटॉप जुन्या सवयीने २.४ लाच चिकटून बसायचा. ५ ला वेगळं नाव दिलं तेव्हा सुटला.

डायरीतली शेवटची पानं: हॉलमध्ये १९०. टेबलाशी रात्री नऊला ६८, पिंग १० ते १५. बाल्कनीत ५ चा पट्टा भिंतींपुढे हात टेकतो, तिथे २.४ च चालतो. मायक्रोवेव्ह आता कितीही फिरू दे. २० नोव्हेंबरला सांगलीकरांशी तासभर बोलले. एकदा कॉल अडकला तो त्यांच्या बाजूने, त्यांच्या दुकानात लाइट गेली म्हणून.

नव्या राउटरच्या ॲपमध्ये आणखी एक गोष्ट दिसते, घर मिळून एका वेळी किती वापरतं. महिनाभर बघत राहिले. टीव्ही, दोन फोन, माझा कॉल, मुलाचं डाउनलोड, सगळं एकदम चालू असताना सर्वात जास्त आकडा ६१. जानेवारीपासून मी प्लॅन २०० वरून परत १०० वर आणला. महिन्याला दोनशे आणि त्यावरचा जीएसटी धरून २३६ रुपये वाचतात, राउटरचे पैसे चौदा महिन्यांत वसूल.

"मग गिगाबिट पोर्टसाठी लॅमिंग्टन रोडभर का फिरवलंस?" चिरंजीवांनी विचारलं. मी पेपर वर उचलला.